नात्याचा रकाना

मोटर सुरू करून मला जेमतेम अर्धा तास झाला असेल. पाणी संत्र्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलं होतं आणि मी धुऱ्याच्या बांधावर उभी राहून त्याच्याकडे बघत होते. इतक्यात रस्त्यावर एक गाडी करकचून थांबली आणि तिच्यातून एक माणूस धावत आला. एक चप्पल पायात, दुसरी मागं ढेकळात अडकलेली.

"बंद करा! अवं बाई, मोटर बंद करा पहिले!"

मी लष्करी पोलिसात आहे. नाक्यावर भल्याभल्यांच्या गाड्या मी थांबवते. माझ्यावर असं कुणी ओरडत नाही.

"तुम्ही कोण?" मी ड्यूटीच्या आवाजात विचारलं.

तो सरळ मोटरच्या पेटीपाशी गेला, खटका पाडला आणि कमरेवर हात ठेवून ओल्या मातीकडे पाहत राहिला.

"ताणावर होती झाडं. तीन ओळींचा बहार गेला आता. कोणं सांगितलं तुमाले पाणी सोडाले?"

"पानं सुकली होती."

"सुकूच द्या लागतात! उन्हाळ्यात पाणी तोडलं, तं पावसाळा लागल्यावर झाड फुलावर येते. हे वरुडात बकरीलेही ठाऊक आहे."

"मी बकरी नाही. लान्स नायक आहे."

तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी... पंजाबराव काकांची गीतांजली."

बाबांना जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि त्या सकाळी मी पहिल्यांदा शेतात आले होते. ही बाग बाबांनी लावली ती मी भरती झाले त्या वर्षी. मला सुटी मिळायची दिवाळीच्या सुमारास, तेव्हा झाडं हिरवीगार असायची. उन्हाळ्यातली बाग मी कधी पाहिलीच नव्हती. खाली पडलेली पानं पाहिली आणि वाटलं, बाबा गेल्यापासून इकडे कुणी फिरकलंच नाही... हे त्याला सांगताना आवाज ड्यूटीचा राहिला नाही.

"उपाशी आहेत ती," तो हळू म्हणाला. "मेली नाहीत. काकांनंच पाणी तोडलं, मी होतो संग. पहिला बहार आहे ना यंदा." मग बागेवरून नजर फिरवत, "बाकीच्या ओळी शाबूत आहेत. रडू नका."

"मी रडत नाही."

"बरं. नका रडू, तरी बी."

त्याचं नाव सागर यावले. शेंदूरजनाघाटला त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. आमच्या बागेतलं झाडन् झाड त्याच्या हातचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर तो पुन्हा आला. झाडाखाली बसून मातीत बोटं घातली, चिमूटभर माती चुरली.

"काय बघता?"

"ओल."

तिसऱ्या दिवशीही ओल. चौथ्या दिवशीही.

"कालच तर पाहिली होती," मी म्हटलं.

"ओल रोज बदलते, मॅडम."

"आणि ती पाहायला रोज इस्त्रीचा शर्ट लागतो?"

त्याचे कान लाल झाले. मी दुसरीकडे पाहिलं — कारण माझेही...

"मी तुमाले पाच वर्षांपासून ओळखतो," तो मातीशी बोलल्यासारखं म्हणाला. "काकांच्या फोनमध्ये तुमचा वर्दीतला फोटो होता. रोपं घ्याले आलेल्या अनोळखी माणसायलेही ते दाखवत."

"मग पहिल्या दिवशी का नाही ओळखलं?"

"फोटोत तुमी चुका करत नव्हत्या."

मी हसले. त्या घरात, त्या शेतात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसू आल्याचं वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं त्याला कळलं. त्यानं एक पान चुरगाळून माझ्यापुढं धरलं. संत्र्याचा तो कडसर, ताजा वास... आम्ही दोघं त्या पानावर वाकलो. कितीतरी वेळ कुणीच मान वर केली नाही.

"याच्या नर्सरीत काही काम नाही काय वं?" आईनं घरी विचारलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं.

आईनंही त्या आठवड्यात एक गोष्ट केली. बाबांनी तिला मोटरच्या पेटीला कधी हात लावू दिला नव्हता. तिनं सागरला समोर उभं केलं आणि सगळे खटके शिकून घेतले. "पाऊस नाही आला तं पाणी मीच सोडीन," ती म्हणाली. "गडी कुठं शोधत बसू?"

मी मात्र सागरशी एक गोष्ट बोलले नव्हते. गेल्या दोन वर्षांत मला तीन स्थळं आली. शेवटचं अकोल्याचं, मावशीनं आणलेलं. तिन्ही घरं चांगली आणि तिघांची अट एकच — वर्दी सोडायची. सागरच्या तोंडून तेच ऐकावं लागलं तर... त्यापेक्षा तो फक्त ओलीबद्दल बोलला तरी चालेल, असं मी स्वतःला सांगत होते.

मग एका सकाळी टीव्हीवर एकच बातमी सुरू झाली. लढाई. दुपारच्या आत युनिटमधून फोन आला. सुट्ट्या रद्द, निघा.

पाठोपाठ अकोल्याहून मावशीचा. आईनं तो स्पीकरवर ठेवला होता.

"वच्छला, लढाईत पोरीले धाडतं काय? बाप गेला तिचा. डॉक्टरचा एखादा कागद आण न!"

"काहून?" आई म्हणाली. "शांती असली का वर्दी घालाची अन् लढाई लागली का काढाची, असं असते काय?"

"लोकायचे पोरं जातात, पोरी नाही!"

"माही जाते," आईनं फोन ठेवला आणि माझे धुतलेले मोजे आणायला अंगणात गेली. बराच वेळ आत आली नाही.

सागर आला. त्याला कळलं होतं. मी वाट पाहिली. 'जाऊ नका' म्हणाला असता तर आमचं सगळं तिथंच संपलं असतं. आणि तो काहीच म्हणाला नाही तर?

"बडनेऱ्याच्या स्टेशनवर न्याले गाडी मी आणतो," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या रोपं वाहायच्या गाडीत आई आमच्या मध्ये बसली. मोर्शी गेलं, अमरावती गेली, बडनेरा आलं. फलाटावर आईनं पाण्याची बाटली घ्यायचं निमित्त काढलं आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मी पर्समधून कागद काढला. युनिटच्या क्लार्कनं फोनवर पाठवलेला, मी छापून घेतलेला, पोचताच भरून द्यायचा.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"काही झालं तर घरी कुणाला कळवायचं, ते. बाबांचं नाव होतं. आता आईचं लिहिलं. पण दुसरा नंबरही लागतो." मी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "आईनं तो फोन एकटीनं घेऊ नये, असं मला वाटतं. तुमचा देऊ?"

त्यानं नंबर सांगितला. एक-एक आकडा, सावकाश. मग म्हणाला, "इथं बाजूले नात्याचा रकाना आहे."

"हो."

"काय लिवसान?"

"शेजारी?"

"माहं गाव कुठं, तुमचं कुठं!"

"रोपवाला?"

"फौजेत चालते काय?"

"नाही चालत," मी म्हटलं. मला हसायचं होतं, जमलं नाही.

त्यानं माझ्या हातातल्या कागदाचं टोक धरलं.

"हा फोन कशाचा असते, समजते मले. तो न येवो. पण आला तं मी उचलीन. काकूजवळ बसून मीच सांगीन. हे काम शेजारी नाही करत, गीतांजली." त्यानं त्या रकान्यावर बोट ठेवलं. "होणारा नवरा लिवा. तुमाले चालत असन तं..."

"मी नोकरी सोडणार नाही."

"सोडा कोणं म्हटलं?"

"लोक म्हणतील, बायको सरहद्दीवर आणि हा घरी."

"खरंच तं हाय ते! माणसं जात तवा बायका थांबतच होत्या न. मी थांबतो. मले काय, काम आहे घरी भरपूर." मग एकदम लहान आवाजात, "जाऊ नका म्हणाचं लय मनात आलं होतं. काल रातभर. पण ते म्हणाचं नव्हतं मले."

माझा सगळा राग कुठं गेला, कुणास ठाऊक.

"मला भीती वाटते, सागर," मी म्हटलं. हे मी कुणाकडेच बोलले नव्हते. "या वेळी वाटते."

"मले बी," तो म्हणाला.

मी लिहिलं. दोनच शब्द.

गाडी फलाटाला लागली. आई उठून आली, कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा नसल्यामुळे लांब धरून वाचला. मग घडी घालून परत दिला.

"तारीख?" ती म्हणाली.

"कसली?"

"लग्नाची."

"सुटी मिळेल तेव्हा."

"मंग पोचल्याबरोबर सुटीचा अर्ज टाक. मी पाहुण्यायले सांगाले मोकळी."

मी पाया पडले. आईनं माझ्या गालांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा... आणि मला डब्याकडे ढकललं.

गाडी हलली तेव्हा मी दारात उभी होते. सागर हात हलवायला विसरला होता. एका हातात त्यानं आईची पिशवी धरली होती आणि दुसऱ्या हातात आईचा हात.