शुक्रवारचा उपाशी श्रोता

"ऐकणाऱ्याच्या हाती तांदळाचे दाणे दे, गौरी. अन् तो उपाशी हवा," श्रावणी शुक्रवारचं व्रत देताना विमलमावशीनं बजावलं होतं. कहाणी सांगितल्याशिवाय मी जेवत नाही. ऐकणारे नेहमी बाबा.

पण बाबा हल्ली विसरत होते. त्यांच्या मेंदूचा फोटो काढायला त्या शुक्रवारी आम्ही नेरहून यवतमाळला निघालो, अन् स्टँडवर त्यांनी समोसा खाल्ला!

"विसरलो ना वं पोरी... भूक लागलती."

सात वर्षांचा नेम, तोही विसरले?

फोटो झाला. बाबा आत कपडे बदलत होते. तरुण डॉक्टर क्षितिज संगणकाच्या पडद्याकडे पाहत होते. बाजूला न उघडलेला डबा.

"डॉक्टर... तुम्ही जेवलात?"

"नाही. पण हे सहसा मी विचारतो," ते हसले.

मी अडचण सांगितली. त्यांनी लगेच तळहात पुढे केला. "ऐकतो. पण आधी हे बघा, नाहीतर तुमचंच कहाणीत लक्ष लागायचं नाही."

पडद्यावर अक्रोडाच्या गरासारखं काहीतरी होतं.

"वय वाढलं की मेंदू जरासा आकसतो. वळ्यांमधल्या या फटी रुंदावतात, मधल्या पाण्याच्या जागा मोठ्या होतात. अन् हा आठवणी सांभाळणारा भाग... सत्तरीत एवढा लहान होतोच."

"म्हणजे आजार नाही?"

"फोटोत तरी दिसत नाही. सकाळी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्याही चांगल्या आहेत. नावं, वार उशिरा आठवतील. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

"माझाही आकसेल?"

"माझाही. सध्या मात्र... चांगलाच जागा झालाय."

मी ओढणी सावरली अन् कहाणी सुरू केली. ते तीनदा मधे बोलले.

"राणीनं राजाला सरळ विचारलं का नाही?"

"मधे बोलायचं नसतं!"

निघताना ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी काका विसरले तर? मी इथून साडेदहाला सुटणाऱ्या बसनं नेरला येतो. उपाशी."

"कहाणीसाठी इतक्या लांब?"

"कहाणीसाठी... नाही." त्यांचे कान लाल झाले. "तुम्हाला चालणार असेल तर स्टँडवर या. नसेल, तर मी तसाच परतीची बस धरेन."

"येईन," मी हळूच म्हटलं. बाबांसाठी हो, दुसरं काय... असं मनाला समजावत.

शुक्रवार उजाडला. पूजा आटोपून वळले, तर बाबा पाटावर बसलेले, ओंजळ पुढे.

"आज शुक्रवार हाय ना वं? चहाबी नाही घेतला मी."

माझे डोळे भरून आले. कहाणी झाली. बाबा जेवले. आता दुसऱ्या कुणा श्रोत्याची गरजच उरली नव्हती.

घड्याळात सव्वाअकरा, बस यायची वेळ. मी माझं ताट झाकून ठेवलं, चपला घातल्या, अन् स्टँडकडे निघाले.