सोळा नंबरची पट्टी

"काल बगळ्याची पट्टी डाव्या कानावर होती," रजिस्टर म्हणाला. "आज उजव्या कानावर आहे."

"मग काय झालं? बदलली असेल," भोंगा म्हणाला.

"पट्टी बदलतात रे. जखमेची बाजू कोण बदलतं?"

तिघं कॉलेजच्या मैदानाच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती. शाळेला सुट्टी लागल्यापासून त्यांचा मुक्काम इथेच असायचा. आज रविवार होता आणि दुपारी चार वाजता हॉकीची अंतिम मॅच होती, तीही पुलापलीकडच्या कॉलेजशी! तीन वर्षं ओळीने त्या लोकांनी चषक नेला होता, आणि जाताना दरवेळी पुलावर थांबून अंगठे नाचवून दाखवले होते. यंदा त्याची परतफेड करायची म्हणून भोंग्याने दोन दिवस घसा जपला होता. त्याची हाक चार गल्ल्या ओलांडून जायची, म्हणून तो भोंगा. रजिस्टर प्रत्येक मॅच मिनिटामिनिटाने वहीत उतरवून ठेवायचा. आणि तिसरी मिरी, एवढीशी पण तिखट. संघाचा नऊ नंबर, ज्याच्या नावाने अख्खं कॉलेज ओरडायचं, तो तिचा सख्खा दादा.

बगळा म्हणजे संघाचा राखीव खेळाडू, सोळा नंबर. उंच, किडकिडीत आणि स्वभावाने गरीब. सूचनाफलकावर त्याच्याबद्दल कागद लागला होता : "क्र. १६, उपांत्य सामन्यात डोक्याला मार. सात दिवस अपात्र." हा या स्पर्धेचा नियमच होता. डोक्याला मार बसला की सात दिवस मैदानात पाऊल टाकायचं नाही. त्याआधी खेळायचं तर डॉक्टरांची सही हवी.

"पण मला एक सांगा," भोंगा म्हणाला, "त्याला लागलं कधी? बुधवारी तो सगळा वेळ बाकावर बसून शेंगदाणे खात होता. मी मागितले तर दिले नाहीत. डोक्याला काय शेंगदाणा लागला?"

मिरी हसली. बुधवारी ती आईबरोबर मावशीकडे गेली होती, तिने ती मॅच पाहिलीच नव्हती. रजिस्टरने वही उघडली आणि बोट फिरवत वाचायला लागला.

"मिनिट एकेचाळीस. नऊची जर्सी खांद्यापासून फाटली. पंच म्हणाले, बदला. नऊने बाकावरच्या सोळाची घातली. सोळा टॉवेल गुंडाळून बसला." त्याने पान उलटलं. "मिनिट छप्पन्न. समोरच्याची स्टिक सोळाच्या डोक्यात. सोळा पडला. उठला. खेळला."

वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. मी नावं लिहीत नाही, नंबर लिहितो, अशी तो नेहमी ऐट मिरवायचा. आज त्याच नंबरांनी त्याला गंडवलं होतं. पंचांनीही चिठ्ठी पाठीवरचा आकडा बघूनच लिहिली होती. आणि प्रशिक्षक सर? ते पात्रतेच्या कागदांवर सह्या करताना कायम फोनवर बोलत असत.

"म्हणजे मार बसला तो..." भोंगा म्हणाला आणि थांबला.

गेले चार दिवस घरात जे चाललं होतं, ते सगळं मिरीला एकदम आठवलं. दादाने खोलीचे पडदे लावून घेतले होते. चहा कपाबाहेर ओतला होता. तिला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली होती. आज सकाळी न्हाणीघरात तो ओकत होता आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडून ठेवला होता. "ऊन लागलंय गं," तो म्हणाला होता. तिने तेव्हा ते खरं मानलं होतं.

ती कठड्यावरून उतरली आणि धावतच घरी गेली.

दादा अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मिरीने त्याच्या केसांत हात घातला. उजव्या कानामागे लिंबाएवढं टेंगूळ होतं. तिचा हात लागताच तो कळवळला.

"तुला लागलंय. बगळ्याला नाही."

"हळू बोल," तो म्हणाला. "आज निवड समितीची माणसं येणार आहेत. हे माझं शेवटचं वर्ष आहे, मिरे. एक मॅच. फक्त एक. बगळ्याला मीच विनवलंय, पट्टी बांधून बस म्हणून."

"आणि परत तिथेच लागलं तर?"

"नाही लागत. आईला सांगायचं नाहीस. कुणालाच नाही. सांगितलंस तर जन्मभर बोलणार नाही तुझ्याशी, लक्षात ठेव."

एवढं बोलून तो उठला आणि बूट घालायला बसला. डाव्या पायात उजवा बूट घालायला लागला. दोनदा प्रयत्न केला, मग बुटाकडे नुसता बघत राहिला. मिरीने तो अलगद काढून घेतला आणि बरोबर पायात घातला. दादाला बूट घालताना पाहून तिला कधी भीती वाटेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आई कारखान्यात होती, आणि तिथे कामाच्या वेळात फोन बाहेरच ठेवावा लागे. बाबा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर. घड्याळात अडीच वाजले होते.

ती परत कठड्याकडे धावली आणि दोघांना सगळं सांगितलं. "सरांना सांगू," भोंगा म्हणाला. मिरीने मान डोलावली, पण दादाचे शब्द तिच्या कानात घणघणत होते. जन्मभर बोलणार नाही. तो शब्दाचा पक्का होता, हीच तर पंचाईत होती.

प्रशिक्षक सर मैदानाच्या दाराशी एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभे होते. रजिस्टरने वही पुढे केली. सरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सोळा नंबर अपात्र आहे, बोर्डावर कागद लागलाय. कागद म्हणजे कागद," ते म्हणाले. "नऊ नंबर ठणठणीत आहे. ऐन मॅचच्या आधी हे काय खूळ काढलंत? पलीकडच्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"सर, तो माझा दादा आहे," मिरी म्हणाली.

"मग टाळ्या वाजव की. पळा आता."

त्यांनी दारावरच्या माणसाला सांगून टाकलं, की या तिघांना खेळाडूंच्या बाजूला सोडायचं नाही. स्पर्धेच्या डॉक्टर मॅडमचं टेबल नेमकं त्याच बाजूला होतं.

तिघं पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. रजिस्टरने दप्तरातून स्पर्धेची नियमांची पुस्तिका काढली. ती तो उशाशी घेऊन झोपत असे, म्हणून भोंगा त्याला चिडवायचा. आज तो चिडवायचं विसरला.

"नियम बारा," रजिस्टर म्हणाला. "पात्रतेबद्दल लेखी हरकत कुणीही प्रेक्षक घेऊ शकतो. पहिली शिट्टी वाजायच्या आत ती डॉक्टरांच्या टेबलावर पोचली, तर वाचावीच लागते."

"सर वाटेतच काढून घेतील," भोंगा म्हणाला.

"म्हणून तीन प्रती लिहायच्या."

रजिस्टरने सुवाच्य अक्षरात तीन हरकती लिहिल्या. मिनिट एकेचाळीस, मिनिट छप्पन्न, फाटलेली जर्सी, सगळं. मग त्याने पेन मिरीपुढे धरलं.

"खाली सही लागते. मी केली असती, पण माझं कोण ऐकणार? घरातलं माणूस असलं तर ते उडवून लावू शकत नाहीत."

मिरीने पेन घेतलं. सही केली तर दादा जन्मभरासाठी दुरावला. नाही केली तर... त्यापुढचा विचार तिने केलाच नाही. तिने तीनदा लिहिलं : क्रमांक नऊची बहीण.

चारला सात मिनिटं कमी होती. दोन्ही संघ मैदानात धावायला लागले होते. दादाही धावत होता, पण सरळ नाही. रेषा इकडे आणि तो तिकडे, असं चाललं होतं. प्रेक्षकांना वाटलं, मजा करतोय. ते हसले. मिरीला रडू फुटायच्या बेतात होतं.

आधी भोंगा दाराशी गेला. हातातला कागद उंच धरून त्याने दोन दिवस जपलेला घसा मोकळा सोडला. "हरकत! लेखी हरकत आहे!" सगळ्या माना वळल्या. सर तरातरा आले, त्यांनी कागद हिसकावला, घडी घातली आणि खिशात टाकला. तेवढ्यात रजिस्टर दुसऱ्या बाजूने निघाला. दारावरच्या माणसाने त्याला बखोटीला धरलं आणि कागद काढून घेतला. आपण फार हुशार, अशा चेहऱ्याने तो कागद त्याने सरांना नेऊन दिला. तेही दार सोडून!

मिरी त्या उघड्या दारातून वाकून पळाली. मागून कुणीतरी ओरडलं, तिने वळून पाहिलं नाही. पंचांनी शिट्टी ओठांना लावली होती. तिने तिसरा कागद डॉक्टर मॅडमच्या टेबलावर आपटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"थांबवा," ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "आधी हे वाचा. तुम्हाला वाचावंच लागेल, नियम बारा आहे."

डॉक्टर मॅडमनी हात वर करून पंचांना थांबवलं. चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

"बहीण तू?"

"हो."

"ओकला होता का?"

"आज सकाळी. नळ सोडून."

मॅडम उठल्याच. आधी त्या बाकाकडे गेल्या आणि बगळ्याची पट्टी सोडायला लावली. खाली डोकं अगदी साफ निघालं, ओरखडासुद्धा नाही. बगळ्याने मान खाली घातली. "मॅडम, मला रोज वाटायचं सांगावं," तो पुटपुटला. "आज तर पट्टी कुठल्या बाजूला होती तेसुद्धा आठवेना."

मग त्यांनी दादाला बोलावलं. तो आला. वाटेत त्याला मिरी दिसली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"मी बरा आहे, मॅडम."

"असशील. आज वार कोणता?"

दादाने उत्तर द्यायला वेळ लावला. मग हसून म्हणाला, "बुधवार."

सगळं मैदान रविवारच्या सुट्टीला जमलं होतं. त्याच्यासाठी मात्र अजून बुधवारच होता. कुणी हसलं नाही. प्रशिक्षक सरांच्या हातातला फोन नुसताच बोलत राहिला. मॅडमनी दादाला एका पायावर उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला, आणि उभ्या उभ्या कलंडला. बगळ्याने त्याला वरच्यावर झेललं.

रुग्णवाहिकेत मिरी त्याच्या पायाशी बसली. त्याने डोळे मिटून घेतले होते. तो एक अक्षर बोलला नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. आपला भोंगा इथे असता तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटलं.

रुग्णालयातली ती संध्याकाळ फार लांबली. आई कारखान्यातून तडक आली आणि तिने मिरीला पोटाशी धरलं. डोक्यात आत थोडा रक्तस्राव झाला होता. "शस्त्रक्रिया लागणार नाही, पण लक्ष ठेवायला हवं," तिथले डॉक्टर म्हणाले. "आज त्याच जागी पुन्हा मार बसला असता, तर मी तुमच्यासमोर काय बोललो असतो मला माहीत नाही." हे ऐकून मिरी बाकावर बसून राहिली.

सोमवारी सकाळी सगळे आले. मॅच एका गोलने हरल्याची बातमी भोंग्याने आणली, आणि तीही कुजबुजत. डॉक्टर मॅडमच्या सहीने बगळा दादाच्या जागी खेळला होता, त्याने एक गोलही मारला होता. पलीकडच्यांनी यंदा पुलावर अंगठे नाचवले नव्हते. उलट त्यांचा कप्तान थांबून विचारून गेला होता, नऊ नंबर कसा आहे म्हणून.

प्रशिक्षक सर फोन न घेता आले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मी सही केली ती न वाचता. या पोरांनी वाचलं. चूक माझी आहे." मग त्यांनी रजिस्टरकडे वही मागितली आणि तिथेच उभं राहून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. डॉक्टर मॅडमही आल्या होत्या. त्या मिरीला म्हणाल्या, "मैदानात काल शहाणं माणूस एकच होतं, आणि ते टेबलाएवढंच उंच होतं."

आईच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा हसू आलं. मिरीला मात्र काहीच गोड लागत नव्हतं. दादा रात्री जागा झाला होता, आईशी बोललाही होता. पण ती खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. तिने सही केली होती आणि तो शब्दाचा पक्का होता. दाराबाहेरच्या भिंतीला टेकून ती आपली उभी होती.

तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या. "क्रमांक नऊची बहीण कोण? तुझ्यासाठी आहे."

कागद चार घड्यांचा होता. अक्षर वाकडंतिकडं, पण दादाचंच.

"लेखी हरकत. माझी बहीण दाराबाहेर उभी आहे आणि आत येत नाही. मी बोलणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून लिहून देतो आहे. नियम बाराप्रमाणे ताबडतोब दखल घ्यावी. सही, क्रमांक नऊ."

मिरीने तो कागद दोनदा वाचला. मग तिचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे त्याने वार लिहिला होता. सोमवार.

वार बरोबर होता. तिने डोळे पुसले, कागद मुठीत घेतला आणि दार ढकलून आत गेली.