सौंदर्याच्या अकरा हरकती

"जरा एवढं टोक धरता का?"

पांढऱ्या फक्कीचा डबा घेऊन खो-खोची पाटी आखत बसलेल्या सौंदर्यानं मान वर केली. समोर एक अनोळखी तरुण उभा. कानामागं पेन्सिल, काखेत कागदाची गुंडाळी, आणि मोजायच्या टेपचं टोक तिच्यापुढं केलेलं.

"धरते की. पण पावणं, तुम्ही कोण?"

"शिवकुमार. महापालिकेकडनं आलोय. इथं बाग व्हायची हाय न्हवं, तिचा नकाशा करायचाय."

२००१ चा एप्रिल होता. कळंबा रस्त्याच्या आतल्या अंगाला शिवगंगा कॉलनी, आणि कॉलनीच्या मधोमध ही खुली जागा. कागदावर ती गेली वीस वर्षं बागच होती. प्रत्यक्षात तिथं काटेरी झुडपं माजायची आणि दर एप्रिलला सौंदर्या पोरांना हाताशी धरून ती साफ करायची. ती शाळेत खेळाची शिक्षिका. सुट्टी लागली की कॉलनीतल्या साठ पोरांचं उन्हाळी शिबिर ती इथं भरवायची. सकाळी सात ते नऊ खो-खो, लगोरी, दोरीच्या उड्या. नाव सौंदर्या, पण सुट्टीभर बाई धुळीनं माखलेली, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

टेपचं टोक धरून ती पार कॉलनीच्या नळापर्यंत गेली. नळावर बायकांची ही गर्दी. पलीकडच्या टोकाला शिवकुमारनं वहीत आकडा टिपला आणि खड्या आवाजात विचारलं,

"ओ अक्का! तुम्हाला पाळणे किती पायजेत? दोन पुरतील का चार?"

नळावर असा हशा पिकला की अंबूबाईंची घागर भरून वाहायला लागली तरी त्यांना पत्ता नाही.

शिवकुमार कुरुंदवाडचा. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. जे दोरीला टांगलेलं असतं आणि पुढंमागं हलतं, त्याला तो लहानपणापासून पाळणाच म्हणत आला होता. झोपाळा हा शब्द त्याला ऐन वेळी आठवलाच नाही. चोवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीला भर नळावर पाळणे किती पाहिजेत विचारलं की काय होतं, हे त्याला बायकांची तोंडं बघून कळलं.

"आधी पोरीचं लगीन तर होऊ द्या की ओ पावणं!" तालमीतले जुने वस्ताद आकाराम मामा आपल्या कट्ट्यावरनं ओरडले.

शिवकुमार कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. सौंदर्यानं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन गुंडाळत त्याच्या हातावर जाऊन आपटली.

आठवड्यानं नकाशा कॉलनीच्या फलकावर लागला. खाली छापलेलं होतं, ‘हरकती व सूचना ३० एप्रिलपर्यंत लेखी द्याव्यात.’ आणि कोपऱ्यात सुबक अक्षरात — पाळणे : चार.

सौंदर्यानं तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. ‘हरकत क्रमांक एक. झोपाळ्यास पाळणा म्हणू नये. कॉलनीची बदनामी होते.’

आता नियम असा की, ज्यानं हरकत घेतली त्याच्यासमक्ष जागेवर येऊन पाहणी करायची आणि मान्य की अमान्य ते लिहायचं. म्हणजे शिवकुमारला येणं भाग होतं. तिसऱ्या दिवशी तो शिबिर सुटायच्या वेळी हजर झाला.

"हरकत मान्य," तो खाली मान घालून म्हणाला. "आणखी काय असंल तर सांगा."

हे त्यानं विचारायला नको होतं.

"नकाशात बाकांची तोंडं भिंतीकडं का? अंबूबाईला रस्त्यावरनं कोण गेलं, कोण आलं ते दिसाय पायजे. त्याबिगर ती बसायची न्हाय."

"लेखी द्या."

"देते की! आणि ही पाटी कसली? ‘हिरवळीवर चालू नये.’ सगळी जागा हिरवळ, आणि चालायचं न्हाय. मग पोरांनी उडायचं काय?"

शिवकुमार उकिडवा बसून पोरांचा खो-खो बघत राहिला. एक डाव संपला, दुसरा सुरू झाला. मग त्यानं नकाशा गुडघ्यावर पसरला, खोडरबर काढलं आणि आपण चार रात्री जागून काढलेली हिरवळ खोडून टाकली. रबराचा चुरा हातानं न झटकता त्यानं हळूच फुंकर मारून उडवला, कागद मळू नये म्हणून. खरं सांगायचं तर त्या फुंकरीतच सौंदर्या फसली. तिला ते त्या दिवशी कळलं नाही, इतकंच.

मग हरकती येतच राहिल्या. पिण्याच्या पाण्याचा नळ उंच होतोय, लहान पोरांचा हात पुरायचा नाही. मान्य. झोपाळ्याखाली फरशी नको, वाळू पाहिजे. मान्य. खो-खोचा खांब असा रोवा की सकाळचं ऊन डोळ्यावर येणार नाही. मान्य. शिवकुमार यायचा, मोजायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. टेपचं दुसरं टोक आता न सांगता ती धरायची.

सातवा अर्ज त्यानं दोनदा वाचला. ‘अर्जदारास अक्का म्हणू नये.’

"आमच्याकडं सगळ्याच बायकांना अक्का म्हणत्यात," तो म्हणाला. "मानानं म्हणतोय की मी."

"मान नको."

"मग काय म्हणू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"कारणाचा रकाना मोकळा ठेवलाय तुम्ही..."

"मोकळाच असू दे," सौंदर्या म्हणाली आणि फक्कीचा डबा शोधायला लागली. तो तिच्या हातातच होता.

त्यानं पेन काढलं. मान्य, असं लिहिलं. आणि त्या शब्दाखाली एक रेघ मारली.

आठव्या हरकतीच्या वेळी दुपारी वळीव कोसळला. मातीचा वास, मागोमाग टपोऱ्या गारा. दोघं नकाशा डोक्यावर धरून आकाराम मामांच्या पडवीत पळाली. बघतात तर कागदाची शाई पसरून चारी झोपाळे निळे झालेले.

"आता?" तिनं विचारलं.

"आता परत काढतो." तो हसला. "मला काय, बरंच हाय. तेवढंच दोन दिवस यायला मिळतंय."

सौंदर्या ओंजळीत एक गार धरून ती विरघळेपर्यंत बघत बसली. हा माणूस महिनाअखेर बेळगावला चाललाय, हे तिला ठाऊक होतं. महापालिकेतलं काम तीन महिन्यांचं, तात्पुरतं. नकाशा पक्का झाला की ते संपलं. बेळगावात एका मोठ्या ऑफिसात नोकरी ठरलेली. नकाशा पुरा होऊ नये असं आपल्याला वाटतंय, हे तिनं त्या पडवीत स्वतःशी कबूल केलं.

म्हणून नववी हरकत. ‘तगरीला वास नसतो, मोगरा लावावा.’ दहावी. ‘मोगरा फाटकाच्या डावीकडे नको, उजवीकडे असावा.’ अकरावी तर इतकी पोकळ होती की ती लिहिताना तिची तिलाच लाज वाटली. ‘फाटकाचा हिरवा रंग फार हिरवा आहे.’

तो अर्ज घेऊन ती तीस तारखेला दुपारी कचेरीत गेली. खिडकीवर पिराजी नावाचा कारकून होता. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला.

"बाई, एक इचारू का? तुम्हाला बाग पायजे का नको?"

"म्हणजे?"

"एकबी हरकत शिल्लक राहिली तर नकाशा समितीपुढं जात न्हाय. आजची शेवटची तारीख. आज गेला न्हाय तर ह्या सालची बाग दुसऱ्या कॉलनीला. शिवकुमार साहेब तुम्हाला बोलले न्हाईत व्हय?"

सौंदर्याच्या डोळ्यापुढं साठ पोरं आली. काट्यांत पाय घालून जागा साफ करणारी, बाग कधी व्हायची म्हणून रोज विचारणारी. आणि आपण इथं हिरव्या रंगावर भांडतोय... एका माणसानं आणखी एकदा यावं म्हणून.

"कोरा कागद द्या," ती म्हणाली.

‘माझ्या सर्व हरकती मी मागे घेत आहे. कारण : बाग व्हावी.’ तिनं खाली सही केली. मागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय हे तिला कागदावरच्या सावलीवरनं कळलं.

शिवकुमारनं तो कागद वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"अकराच्या अकरा?"

"व्हय."

"म्हणजे आता माझं काम संपलं."

"संपू दे. तुम्ही मला सांगितलं का न्हाय, ह्यानं बाग जाईल म्हणून?"

"आजच्या आज सांगणारच होतो." त्याचा आवाज खाली गेला. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही हरकती घ्यायचं थांबला असता."

पिराजीनं दोघांकडं बघितलं, कागदावर शिक्का हाणला आणि फाईल बांधायला घेतली. "झालं. आधीचे मान्य बदल नकाशात हाईतच. बाग तुमची. आता जावा बाहेर, मला खिडकी लावायची हाय."

दोघं बाहेर आली. कचेरीच्या पायऱ्यांवर उतरतीचं ऊन होतं, समोरच्या गाड्यावरनं भडंगाचा खमंग वास येत होता. सौंदर्यानं पदराच्या टोकाला उगीच पीळ घातला.

"बेळगावची गाडी कधीची?"

"बेळगावला फोन केला परवा. येत न्हाय म्हणून सांगितलं."

तिनं चमकून वर बघितलं.

"इथंच एका इंजिनिअरकडं काम बघितलंय. पगार जरा कमी हाय. आणि आकाराम मामांची माडी भाड्यानं घेतली." त्यानं वहीतनं एक अर्ज काढून तिच्या हातात दिला. "हे मघाशी द्यायला आलतो. हरकत न्हाय ही, सूचना हाय. सूचनेनं नकाशा अडत न्हाय. पण सूचना करायला माणूस कॉलनीतलाच लागतो. म्हणून आधी खोली घेतली."

अर्जदार : शिवकुमार. पत्ता : आकाराम यांची माडी, शिवगंगा कॉलनी. खाली एकच ओळ होती. ‘कोपऱ्यातील एक बाक दोघांपुरतेच असावे.’

"दोघं म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

"एक मी. दुसऱ्याचं नाव मी आपल्या मनानं कसं लिहू? उद्या तुमच्या वडलांना येऊन भेटीन म्हणतोय. पण आधी तुम्हाला इचारतोय. सौंदर्या... येशील का बसायला?"

पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं होतं. साठ पोरांना एका शिट्टीत गप्प करणाऱ्या त्या बाईनं अर्जाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"मला तुम्ही आवडता," ती एका दमात म्हणाली. "लई दिवसांपासनं. हे तोंडी चालतंय का लेखी द्यायचं?"

"तोंडी चालतंय," शिवकुमार म्हणाला. "पण दोनदा सांगायला लागंल."

तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी एवढ्या मोठ्यानं की आत पिराजीनं लावलेली खिडकी पुन्हा उघडली.