नवाराच्या नडगीतलं हाड

नफीसाआजीला त्या दुपारी काम एवढंच होतं: हातातली बाटली पुरून यायची. बाटलीत बोटाच्या पेराएवढा हाडाचा तुकडा होता. तिच्या चार वर्षांच्या नातीच्या, नवाराच्या नडगीतून काढलेला.

गावच्या हाडवैद्यानं पाय मुरगळलाय म्हणून महिनाभर तेल चोळलं, आणि आत हाड पुवानं सडत गेलं. मग नाईल ओलांडून दवाखाना गाठला. डॉक्टर बहजतनी पाय चिरून पू काढला, मेलेलं हाड काढलं, सलाइनमधून औषध सुरू केलं. "ताप उतरला तर पाय वाचला," ते म्हणाले. "नाहीतर गुडघ्याखालून कापावा लागेल, आजी." आणि रीतीप्रमाणे तो तुकडा पुरायला तिच्या हाती दिला.

पण पोर जिवंत असताना तिचा तुकडा मातीत घालायचा? आजीचं मन धजेना. "आज हाड नेलं, उद्या पोर नेईल! मातीचा काय भरवसा?" ती पुटपुटली. नवा दात यावा म्हणून पोरांचे दुधाचे दात तिनं जन्मभर सूर्याकडेच भिरकावले होते. ती तडक दवाखान्याच्या गच्चीवर चढली, डोळे मिटले आणि "जुनं घे, नवं दे!" म्हणत तुकडा फेकला.

भिंतीपलीकडे जुनं कबरस्तान होतं, हे तिला फेकल्यावर आठवलं. कान देऊन ती उभी राहिली. तुकडा पडल्याचा आवाज काही आला नाही.

संध्याकाळी ताप उतरला. आजीला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. नवाराचा तो पाय गारठलेला असायचा. दुपारी सगळा वॉर्ड पेंगायचा, पंखा कुरकुरायचा. पाऊस नाही, पाणी नाही, आणि तिच्याच खाटेपाशी ओल्या मातीचा वास यायचा. चादरीखाली झोपलेल्या पोरीचा तेवढा एकच पाय हळूहळू हलायचा...

"अहो, झोपेत हलतातच पोरं," नर्स इनशिराह म्हणाली. पण खुर्ची तिनंही लांब ओढून घेतली.

बाराव्या दिवशी एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"आजी, हिचा पाय आधी कधी मोडला होता?"

"छे! कालची पोर ती."

"हाड भरायला महिने लागतात. हिचं भरलंय. पण त्यात जुना मोड आहे, सांधलेला. आणि हाड... साठ-सत्तर वर्षांच्या माणसाचं दिसतंय."

आजीच्या तोंडचं पाणी पळालं. गच्चीवरचं तिनं घडाघडा सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत.

"काढा ते!" आजी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढलं तर पाय जाईल."

आजी बराच वेळ पदर चावत बसली.

"मग... राहू दे."

सुट्टी मिळाली त्या दिवशी नवारा चालली. किंचित लंगडत, पण चालली! आजीनं डोळे पुसले, सहा आठवड्यांचं औषध गाठोड्यात बांधलं आणि फाटकाशी आली.

"सुटलात बाबा एकदाच्या!" म्हातारा दरवान मितवल्ली म्हणाला. "ती बाईही सुटली बिचारी."

"कोण बाई?"

"रोज दुपारी यायची की. भिंतीला धरून, एक पाय चिंधीसारखा ओढत. पोर घरी कधी जाणार, एवढंच विचारायची."

"तू... काय सांगितलंस तिला?"

"आज जाणार म्हटलं. घर ठाऊक नाही म्हणाली, तर पत्ता दिला. मघाशीच पुढं गेली."