एकेचाळिसाव्या खोलीतला कुलूपवाला

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास चाळणीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, एकेचाळीस अडलीय."

ताई म्हणजे लेखिका. मालक तिच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून तो तिला ताई म्हणायचा. आणि मालकच म्हणतो म्हटल्यावर साठी उलटलेले काकाही म्हणू लागले. या तिघांचं ऑफिस म्हणजे एका दातांच्या दवाखान्यावरची लांबट खोली. खाली ड्रिल सुरू झालं की इथे टेबलावरची पेनं थरथरायची. अशा ठिकाणी बसून ते मोबाइलवर वाचत वाचत खेळायचा एक गुन्हेगारीचा खेळ बनवत होते. एका बिल्डरने गल्लीतल्या लोकांच्या घरांची कागदपत्रं दाबून ठेवलेली असतात. चौघांची टोळी त्याची तिजोरी फोडते आणि ज्याचे कागद त्याला परत करते. मग पोलीस धरतात. तिथून पुढे कोण कोणाशी इमान राखणार, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

प्रत्येक प्रसंगाला ते खोली म्हणत आणि खोलीतून बाहेर पडायच्या पर्यायांना दारं. काकांचं काम एकच, प्रत्येक दार उघडून बघायचं. हयातभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. खडा असला की त्यांच्याकडे अडकलाच, म्हणून चाळणी.

एकेचाळिसाव्या खोलीत टोळीतल्या कुलूपवाल्याची चौकशी होती. दारं तीन होती. साथीदारांची नावं सांग, खोटी नावं सांग, गप्प राहा. काकांनी तिन्ही उघडून पाहिली होती. तिन्हींच्या पलीकडे एकच ओळ येत होती. कुलूपवाल्याने किल्ली डाव्या गुडघ्यावर घासली आणि म्हणाला, मला माहीत नाही.

"जोडणीत गडबड असेल," मालक म्हणाला. खोल्यांना दारं जोडायचं काम त्याचंच होतं, त्यामुळे हे कबूल करतानाही त्याचा चेहरा आंबट झाला. त्याने फाइल उघडली. फाइलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. पहिल्या दारामागे कुलूपवाला घडाघडा नावं सांगत होता, लेखिकेने लिहिलं होतं तसंच. त्याने पूर्ण खोली पुसली आणि अक्षर न् अक्षर पुन्हा भरली. काकांनी पुन्हा दाबून पाहिलं.

मला माहीत नाही.

लेखिकेला मात्र वेगळंच कारण दिसत होतं. त्यांच्या कामाची एक रीत होती. एखादी खोली लिहून झाली नसेल तर काकांचं अडू नये म्हणून तिथे तात्पुरता भराव टाकायचा. घरातलं, गल्लीतलं, जे आठवेल ते. खेळ बाहेर पडण्याआधी तो काढायचा. कुलूपवाल्यासाठी तिने भराव म्हणून आपल्या दादाला टाकलं होतं. किल्ली गुडघ्यावर घासायची सवय त्याचीच. आणि पुढे खरा मजकूर लिहिताना तो भराव काढायचा तिला धीर झाला नव्हता. आता हात दाखवून अवलक्षण झालं होतं. दुपारी दोघं चहाला खाली गेले तेव्हा तिने भरावाचा शब्द न् शब्द शोधून पुसला.

मंगळवारी खोलीत भर पडलेली होती.

काका वाचून दाखवत होते, त्यांच्या त्या छापखान्यातल्या सपाट आवाजात. खुर्चीचा एक पाय तोकडा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. भिंतीला ओल्या चुन्याचा वास. टेबलावर स्टीलच्या पेल्यात पाणी, पेल्याच्या काठावर कुणाच्या तरी दाताचा चेपा. "छान बारकावे टाकलेत हो," काका म्हणाले.

"मी नाही टाकले."

"मग मालकांनी?"

मालकाने मान वर केली. "मला लग्नपत्रिकेवरचा मजकूरसुद्धा लिहिता येत नाही काका, कशाला थट्टा करता."

काका पुढे वाचू लागले. साहेबाने विचारलं, घरात कोण कोण? कुलूपवाला म्हणाला, आई. बस्स, आईच.

लेखिका उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या दादाने तीन मित्रांबरोबर अशीच एक तिजोरी उघडली होती. गल्लीतल्या घराघरांत कागद परत पोचले होते, बायकांनी ते छातीशी धरले होते. चौथ्या दिवशी चौघांना उचललं. तिघं तुरुंगात गेले आणि दादाला दुसऱ्याच सकाळी सोडलं, का ते कुणालाच कळलं नाही. गल्लीला तेवढं पुरलं. ज्यांना त्याने घरं परत मिळवून दिली त्यांनीच त्याला फितूर ठरवलं. दादा कुणाला काही बोलला नाही. आठव्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला तो परत आला नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला शेजारच्या गल्लीतली माणसं बोलवावी लागली.

निदान खेळात तरी त्याचं नाव धुऊन निघावं म्हणून तिने हा खेळ लिहायला घेतला होता. पण कोणत्याही दाराने गेलं तरी शेवटी कुलूपवालाच फितूर निघाला पाहिजे, लोकांना तेच आवडतं, असा मालकाने हेका धरला. आणि तिने, नोकरी टिकावी म्हणून, तसं लिहून दिलं. त्याची तिला आता इतकी लाज वाटत होती की आरशाकडे बघवेना.

बुधवारी मालकाचा धीर सुटला. "शुक्रवारी खेळ बाहेर पडायचाय. एकेचाळीस काढून टाकू. बेचाळीसमध्ये एकच ओळ घाला, कुलूपवाल्याने तोंड उघडलं. विषय संपला."

"नाही लिहिणार."

"ताई, एक ओळ आहे."

"एका ओळीनेच माणूस मरतो. नाही लिहिणार म्हणजे नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायची असेल तर घ्या, माझा राजीनामा आत्ता देते. पण मग या खोल्यांतलं माझं अक्षरही वापरायचं नाही."

"अहो, एका खोट्या माणसासाठी—"

"तो माझा भाऊ आहे."

खाली ड्रिल चालू होतं ते थांबलं. काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

तिने मग सगळं सांगितलं, आणि जे आईलाही सांगितलं नव्हतं तेही. ती अकरा वर्षांची होती. शाळेच्या फाटकाशी एक गृहस्थ भेटले, तिशीतले, पांढरा शर्ट, बोलणं अगदी अदबीचं. दादा हल्ली काय करतो, म्हणाले. दादाचा तिला कोण अभिमान. कुठलंही कुलूप मिनिटात उघडतो, ती म्हणाली, आणि गुरुवारी मोठ्या ऑफिसात गेला होता, तिघं मित्रही होते. गृहस्थांनी मित्रांची नावं विचारली. तिने सांगितली.

"फितूर मी आहे," ती म्हणाली. "दादाला ठाऊक होतं. म्हणून त्याने घरात बहीण आहे हेसुद्धा सांगितलं नाही. बेचाळीस मी लिहिते, पण खरी लिहिते. मग ठेवा नाहीतर फेका."

मालकाने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "लिहा."

तिने तासाभरात लिहिली. शाळेचं फाटक, पांढरा शर्ट, मुलगी. काका खेळायला बसले आणि दोन मिनिटांत थांबले. मजकूर बदललेला होता. गृहस्थांनी विचारलं, तुझा दादा हल्ली काय करतो? मुलगी काही बोलली नाही. तिला न्यायला तिचा दादा आला होता.

"आला नव्हता," लेखिका म्हणाली. "तो कधीच आला नव्हता न्यायला."

तिने खुर्ची ओढली आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा लिहिलं. दादाचा हट्टी स्वभाव ती ओळखून होती. पण रक्त तर एकच होतं. सातव्या वेळी तिने फाटक, शर्ट, सगळं गाळलं आणि एवढंच लिहिलं. नावं बहिणीने सांगितली. ती बहीण मी.

या वेळी ओळ टिकली.

तेवढ्यात दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. जिना दवाखान्यातून वर येत असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दी त्याच द्यायच्या. "ताई, तुमच्याकडे एक गृहस्थ आलेत. शाळेच्या फाटकाशी ओळख झाली होती म्हणे. निघालेसुद्धा वर."

"कसे आहेत दिसायला?"

"पांढरा शर्ट. तिशीतले असतील. बोलायला फार अदबीचे."

काकांनी स्क्रीनकडे बोट केलं. एकेचाळीस आपोआप उघडली होती. कुलूपवाला उठला, असं तिथे लिहिलेलं होतं. त्याने दार लावून घेतलं.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एक पायरी न चुकवता.

दाराच्या धुरकट काचेपलीकडे पांढरं काहीतरी येऊन थांबलं. दाराची मूठ खाली दाबली गेली. दार हललं नाही. पुन्हा दाबली गेली.

मालक भिंतीला टेकला. "या दाराला कुलूप नाहीये," तो पुटपुटला. "कधीच नव्हतं. आपण खालचं शटर ओढतो फक्त."

बाहेरचा माणूस घाईत नव्हता. तो उभा होता.

लेखिका दारापाशी गेली. तिची मान ताठ होती.

"दादा," ती म्हणाली, "बावीस वर्षं तू बोलला नाहीस. आता मला बोलू दे. उघड."

काही झालं नाही.

"उघड म्हणते ना."

कुठेतरी कापडावर लोखंड घासल्यासारखा आवाज झाला. मग सपाट लाकडातून, जिथे साधं भोकही नव्हतं, किल्ली फिरल्याचा आवाज आला.