हाकलहर

मंगळमोहिमेवरून परतलेल्या यानातली शीतनिद्रापेटी प्रयोगशाळेत आणून उघडली होती. आत निहार सावर्डेकर हा तरुण भूशास्त्रज्ञ निजला होता. शरीर ऊब धरू लागलं होतं, मेंदू मात्र जागा होत नव्हता. लवकर उठला नाही, तर तो कायमचा निकामी होणार होता.

डॉ. दिगंबर सावर्डेकर ध्वनिक्षेपकाशी वाकले. शीतनिद्रेतून माणसाला नावानं हाक मारून उठवायची पद्धत त्यांनीच शोधली होती. पेटीतला मुलगाही त्यांचाच. त्यांनी बारशाला ठेवलेलं मुलीचं नाव घेतलं.

पडद्यावरची मेंदूलहरींची रेषा एकदम हलली.

"बघा, ओळखलं तिनं."

"त्यानं," पडद्याशी बसलेल्या त्यांच्या सहकारी डॉ. रेहाना मुल्ला म्हणाल्या. "आणि सर, ही हाकलहर नाही. हाकेला ओ देणारी हाकलहर वर जाते. ही खाली गेलीय. झोप आणखी गाढ झाली."

"आत्यानं कानात कुर्र करून सांगितलेलं नाव आहे ते. मेंदूत सगळ्यात खोल तेच असणार."

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? झोपलेला मेंदू बाकी सगळे आवाज गाळतो. जे नाव त्याला स्वतःचं वाटतं, त्यालाच ओ देतो. निहारला ते नाव कधीच स्वतःचं वाटलं नाही. इतकी वर्षं ते ऐकून तो आक्रसतच आलाय. आत्ताही तेच करतोय."

डॉक्टरांनी हट्टानं पुन्हा तेच नाव घेतलं. रेषा आणखी खाली गेली.

"बरं. निहार म्हणतो. मग तर झालं?"

बोलण्याआधी ते खाकरले. नाव तोंडातून बाहेर पडायच्या आतच रेषा कोसळली.

"हे काय?"

रेहानांनी झटकन ध्वनिक्षेपक बंद केला. "तुमच्या आवाजामागून नेहमी तेच नाव येतं, हे त्याला पाठ झालंय. पुढचं ऐकायला तो थांबतच नाही."

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

रेहानांनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टर काचेपलीकडे जाऊन उभे राहिले. मोहिमेआधी वर्षभर रेहाना आणि निहार याच प्रयोगशाळेत एकत्र काम करत होते. रेहाना पेटीवर वाकल्या.

"निहार. ए निहार, ऊठ रे. चहा गार होतोय तुझा."

रेषा थरथरली आणि वर चढली. त्या हाका मारत राहिल्या. हळूहळू पापण्या हलल्या.

"बाबा आले नाहीत?" आवाज खरखरीत होता.

"आलेत."

"मग बोलत का नाहीत?"

रेषा अजून डळमळत होती. ती स्थिरावेपर्यंत वडिलांच्या आवाजातला एक शब्दही निहारला परत आत लोटू शकला असता. रेहानांनी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे डॉक्टर तोंडावर घट्ट हात धरून उभे होते. हाताआड त्यांचे ओठ आवाज न करता निहार हे एकच नाव पुनःपुन्हा म्हणून बघत होते.