सोनखांबच्या दीड लाख टाक्या

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी सोनखांब बंद पडलं. एखादी पेठ नव्हे, चाळीस लाख माणसांचं अख्खं शहर!

"एवढं हुशार यंत्र, आणि एका खारीनं वायर कुरतडून आडवं पाडलं?" भागूजी ढोणे म्हणाला. तो पाणीखात्याचा चावीवाला, गल्लोगल्लीचं पाणी सोडणारा. आज निवृत्त होणार म्हणून आपली लांब लोखंडी चावी जमा करायला तो नियंत्रण कक्षात आला होता.

डॉ. शर्वाणी राजवाडे विझलेल्या पडद्यांची बटणं दाबून बघत होत्या. वीज, पाणी, संदेश सगळं एका सूत्रात ओवणारी 'नगरचेतना' त्यांनीच घडवली होती.

"पुन्हा सुरू करा की, बाई."

"कुठून करू? पंपांना वीज हवी. वीजकेंद्र थंड ठेवायला पंपांचं पाणी हवं. दोघांना हुकूम देणाऱ्या संदेशजाळ्यालाही वीजच हवी. बाहेरची वाहिनी नेमकी दुरुस्तीला काढलीय. जो तो दुसऱ्याची वाट बघतोय!"

"आणि इस्पितळाच्या बॅटऱ्यांत दोन तासांचीच वीज आहे," त्यांचा सहकारी फिरोज मुलाणी म्हणाला. "अतिदक्षता विभागात एकशे बारा रुग्ण आहेत. सुरुवातीपुरती एक मेगावॅट मिळाली, तरी चक्र फिरेल."

भागूजीनं डोकं खाजवलं. "उंचावरचं पाणी चालेल का? गच्च्यांवर टाक्या आहेत."

त्याच टाक्यांवर शर्वाणीबाईंचा राग. चोवीस तास पाणी दिलं, तरी लोक भरून ठेवतात ते ठेवतातच! सोमवारपासून टाक्यांवर बंदी येणार होती.

फिरोजनं कागद ओढला. "दीड लाख टाक्या, प्रत्येकी दोन हजार लिटर, शिवाय शहर टेकडीच्या उतारावर... मॅडम, हे पाणी नळांतून उलटं सोडलं, तर तळाचे पंप उलटे फिरतील. उलटा फिरणारा पंप म्हणजे जनित्रच!"

"नाही जमणार." शर्वाणीबाईंनी कागद बाजूला सारला. "घरोघरी एकमार्गी झडप आहे. पाणी परत फिरूच शकत नाही. माझाच नियम."

भागूजी खाकरला. "झडपा कागदावर आहेत, बाई. झडपेनं नळाचा जोर कमी होतो. म्हणून तपासनीस गेला की प्लंबर ती काढतो आणि पुढच्या घरी तीच दाखवतो."

"एकच झडप? अख्ख्या शहराला?"

"चार असतील. खोटं कशाला बोलू?"

रागवायला वेळ नव्हता. अडतीस चावीवाले सायकलींवर निघाले. चाळीस वर्षं "पाणी आलं!" म्हणून ओरडलेला भागूजी आज गल्लोगल्ली ओरडत होता, "इस्पितळासाठी पाणी सोडा! टाकीची नि थेट नळाची, दोन्ही चाव्या उघडा!" लोक धडाधड जिने चढले.

दहा पन्नासला तळाचा पंप थरथरला, क्षणभर अडला आणि उलटा फिरू लागला. मग दुसरा, तिसरा. त्या विजेवर वीजकेंद्राला पाणी पोहोचलं, केंद्र सुरू झालं आणि कक्षात दिवे लागले. इस्पितळातून निरोप आला, एकशे बाराच्या एकशे बारा सुखरूप! शर्वाणीबाई रडता रडता हसत होत्या. भागूजीही घामाघूम होऊन परतला.

फोन सुरू होताच पहिला आला तो सासूबाईंचा. शर्वाणीबाईंनी आनंदाच्या भरात तो सर्वांना ऐकू जाईल असा लावला.

"अगं, आपलीही टाकी सोडली हो मी!"

"आई, आपल्याकडे टाकी नाही."

"आहे गं. कुंड्यांच्या मागे. तू गच्चीवर येतेस कधी?"

कक्षात हशा पिकला. शर्वाणीबाई मात्र थबकल्या. "पण आपल्या घरची झडप मी स्वतः उभं राहून बसवून घेतलीय. पाणी खाली गेलंच कसं?"

भागूजीनं मान खाली घातली. पिशवीतून एक पितळी झडप काढून त्यानं ती चावीशेजारी ठेवली.

"ही तुमच्या घरचीच, बाई. मीच काढली होती. दोन्ही आजच जमा करणार होतो."

शर्वाणीबाईंनी दोन्ही वस्तू उचलून पुन्हा त्याच्या पिशवीत टाकल्या.

"सोमवारी वेळेवर ये," त्या म्हणाल्या.